प्रश्न आपला, तर उत्तरही आपणच तपासू

(घोडबंदर रोड परिसरातील महिला मंडळे, बचत गट आणि समुपदेशन केंद्रांच्या कार्यकर्त्यांसाठी घेतलेल्या एक दिवसाच्या शिबिरातील भाषण. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)

कापूरबावडीपासून मानपाड्यापर्यंत यायला आज कुणाला किती वेळ लागला, हे मी विचारणार नाही. घोडबंदर रोडवरच्या बाईला हा प्रश्न विचारायचा नसतो. तरीही तुम्ही ओवळ्यापासून, कासारवडवलीपासून, येऊरच्या पाड्यांवरूनसुद्धा आलात, याचा आनंद आहे.

आजच्या विषयाचे नाव पत्रकावर वाचून दोघीतिघींनी मला फोन केले. एकीने विचारले, "ताई, हे एसक्यूएल आणि एआय आपल्याला कशाला? आपण बायांचं काम करतो ना?" प्रश्न रास्त आहे. हे भाषण म्हणजे त्या प्रश्नाचे उत्तर आहे. त्यात आमच्या केंद्राच्या हातून झालेली एक चूकही मी सांगणार आहे, कारण ती सांगितल्याशिवाय उत्तर पुरे होत नाही.

सुरुवात आपल्या नोंदवहीपासून करते. प्रत्येक केंद्रात ती असते. बाई येते, बसते, पाणी पिते, बोलते, आणि आपण लिहितो. एम.एस.डब्ल्यू. करताना आम्हाला केस कशी लिहावी हे फार बारकाईने शिकवले. पण शंभर केसेस एकत्र ठेवून त्यांना प्रश्न कसा विचारावा, हे मात्र मी नोकरीला लागल्यावर धडपडत शिकले. एकदा एका बैठकीसाठी आम्हाला हवे होते की वर्षभरात नवऱ्याने घराबाहेर काढलेल्या किती बायका आल्या, आणि त्या कोणत्या वस्त्यांतल्या. आम्ही तिघी दोन दिवस वह्या उलटत बसलो. तिघींचे तीन आकडे आले. बैठकीत आम्ही "बऱ्याच" असे म्हणून वेळ मारून नेली. समोरच्या अधिकाऱ्याने ते लिहूनसुद्धा घेतले नाही.

पुढे आमच्याकडे एक तरुण मैत्रीण येऊ लागली. ती इथल्याच एका टॉवरमध्ये राहते आणि संगणक कंपनीत नोकरी करते. तिने आमच्या वह्या एका तक्त्यात भरून घेतल्या. एक बाई म्हणजे एक ओळ. वस्ती, वर्ष, तक्रार, पुढे काय झाले, हे रकाने. मग तिने संगणकाला एक वाक्य लिहिले. मराठीत उच्चारून सांगते:

सिलेक्ट वस्ती, काउंट, फ्रॉम नोंदी, व्हेअर वर्ष बरोबर २०२४, ग्रुप बाय वस्ती.

म्हणजे काय? नोंदींच्या तक्त्यातून २०२४ सालच्या ओळी निवड, वस्तीप्रमाणे त्यांचे गट कर आणि प्रत्येक गटात किती ते मोज. दोन दिवसांचे काम डोळ्याची पापणी लवायच्या आत झाले. तीच एसक्यूएल. यात जादू नाही. भाजी निवडताना आपण हेच करतो. फक्त इथे निवडायचे कसे, हे नेमक्या शब्दांत सांगावे लागते.

या भाषेची जन्मकथा थोडक्यात सांगते. १९७० साली आयबीएम कंपनीतल्या एडगर कॉड यांनी माहिती साध्या तक्त्यांमध्ये ठेवण्याची कल्पना मांडली. १९७४ मध्ये तिथल्याच डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी त्या तक्त्यांना प्रश्न विचारण्याची भाषा तयार केली. ज्यांचा व्यवसाय प्रोग्रॅमिंग नाही अशा लोकांनाही ती वापरता यावी, हा त्यांचा उद्देश होता. या भाषेत काय हवे ते आपण सांगायचे आणि कसे शोधायचे ते यंत्राने ठरवायचे. ते यंत्राने कमीत कमी श्रमात कसे ठरवावे, याची पायाभूत पद्धत १९७९ मध्ये मांडणाऱ्या गटाच्या प्रमुख लेखिका होत्या पॅट्रिशिया सेलिंजर. हे नाव मुद्दाम सांगते, कारण संगणक म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर पुरुषच येतो.

आता मुद्द्याचे बोलू. प्रश्न कसा विचारला जातो, यावर कोण मोजले जाते हे ठरते. चळवळीला हे नवीन नाही. जनगणनेत वर्षानुवर्षे शेतावर राबणारी बाई "काम करत नाही" म्हणून लिहिली जायची. कारण "तुम्ही काम करता का" असे विचारले की घरातला पुरुषच तिच्या वतीने "नाही" म्हणायचा, आणि पुष्कळदा तीसुद्धा "नाही"च म्हणायची. स्त्रियांच्या गटांनी आणि अभ्यासकांनी यावर आवाज उठवला. १९९१ च्या जनगणनेत त्या प्रश्नाला काही शब्द जोडले गेले: शेतावरचे किंवा घरच्या धंद्यातले बिनमोबदला कामही धरून. काम पूर्वीचेच होते आणि बाईही तीच होती. बदलला तो फक्त प्रश्न.

एसक्यूएलमध्ये हीच गोष्ट फार लहान जागी लपलेली असते. आमच्या तक्त्यात एक रकाना होता, "आर्थिक कोंडी: हो की नाही". आम्ही "हो" असलेल्या ओळी मोजल्या, मग "हो" नसलेल्या मोजल्या. दोन्हींची बेरीज एकूण ओळींपेक्षा कमी भरली. बाकीच्या बाया गेल्या कुठे? त्या रिकाम्या चौकटीत होत्या. त्यांना कुणी विचारले नव्हते किंवा त्या बोलल्या नव्हत्या. या भाषेत रिकाम्या चौकटीला "नल" म्हणतात. नल म्हणजे शून्य नव्हे, आणि "नाही"सुद्धा नव्हे. "हो आहे का" विचारले तरी ती ओळ गळते आणि "हो नाही का" विचारले तरी गळते. तिच्यासाठी वेगळा प्रश्न विचारावा लागतो: "इज नल". न बोललेली बाई कुठल्याच बाजूला मोजली जात नाही, हे मला संगणकाने असे दाखवून दिले.

आता याच्या मोठ्या रूपाकडे बघा. मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना जुलै २०२४ मध्ये सुरू झाली. २१ ते ६५ वयाच्या आणि अडीच लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या बाईला महिना १५०० रुपये. पुढे छाननी झाली, आणि जुलै २०२५ मध्ये महिला व बालविकास मंत्री अदिती तटकरे यांनी सांगितले की सुमारे २६ लाख ३४ हजार लाभार्थी अपात्र दिसत असल्याचे माहिती तंत्रज्ञान विभागाने कळवले असून त्यांचा लाभ तात्पुरता थांबवला आहे. कुणी एकाहून अधिक योजना घेतल्या, कुठे एका कुटुंबात दोनपेक्षा जास्त बाया, काही ठिकाणी तर पुरुषांनीच अर्ज केलेले. पुरुषांचे अर्ज बाद व्हायलाच हवेत, त्याबद्दल दुमत नाही. पण ही छाननी होते कशी हे आपल्याला कळायला हवे. एक यादी दुसऱ्या यादीवर ठेवून ताडायची. याला या भाषेत "जॉइन" म्हणतात. रेशनकार्डावर "कुटुंब" म्हणून जे लिहिले आहे तेच जोडणीत कुटुंब धरले जाते. सासूशी पटत नाही म्हणून वेगळी चूल मांडलेली, पण कार्डावर अजून सासरीच असलेली सून जोडणीत कुठे बसते?

सप्टेंबर २०२५ मध्ये ई-केवायसी आली. तिच्यात बाईच्या आधारसोबत पतीचे किंवा वडिलांचे आधार मागितले. ओरड झाल्यावर मुदत वाढली, आणि ज्यांचे पती वारले किंवा घटस्फोट झाला त्यांच्यासाठी मृत्यूचा दाखला किंवा घटस्फोटाची कागदपत्रे देण्याची सोय झाली. पण जिला नवऱ्याने नुसते टाकले आहे, तिच्याकडे कसला कागद असणार? ना दाखला, ना आदेश. ती विवाहित आहे आणि एकटीही आहे. आपल्या केंद्रांत सगळ्यात जास्त येते ती हीच बाई, आणि तिच्यासाठी तक्त्यात रकाना नाही. कुणी दुष्टपणाने तिला वगळले असे मी म्हणत नाही. प्रश्न लिहिताना ती कुणाच्या मनातच नव्हती, एवढेच.

म्हणून मी म्हणते की प्रश्न लिहिणाऱ्यांच्या खोलीत आपण असायला हवे. निदान त्यांनी काय लिहिले ते आपल्याला वाचता तरी यायला हवे.

आता एआयकडे येते. आजवर तक्त्याला मोजता येईल असेच विचारता येत होते. किती, कुठे, केव्हा. पण आपल्या नोंदीतला सगळ्यात मोलाचा रकाना असतो बाईच्या तोंडच्या हकिगतीचा, आणि तो मोजता येत नव्हता. गेल्या काही वर्षांत मोठ्या माहिती साठवणाऱ्या सेवांनी एआय या भाषेच्या आतच आणून ठेवले आहे. गुगलच्या बिगक्वेरीमध्ये २०१८ पासून "क्रिएट मॉडेल" असे लिहून यंत्राला शिकवता येते, आणि आता बाहेरचे मोठे भाषा-मॉडेलही त्याच पद्धतीने जोडून घेता येते. स्नोफ्लेकमध्ये कॉर्टेक्स नावाची सेवा आहे, डेटाब्रिक्समध्ये "एआय क्वेरी" आहे. सिलेक्ट लिहायचे, पुढे "वर्गीकरण कर", "सारांश काढ", "भाषांतर कर" यांपैकी एक काम आणि रकान्याचे नाव. एका ओळीच्या वाक्यात हजार हकिगतींचे हजार सारांश तयार होतात.

मोह पडणारच. आम्हालाही पडला. आमच्या एका देणगीदाराला वार्षिक अहवाल हवा होता आणि हाताशी चार दिवस होते. मैत्रिणीने तिच्या ओळखीतून अशा एका सेवेचे खाते मिळवले. आम्ही हकिगतींचा रकाना दिला आणि विचारले: प्रत्येक नोंदीत हिंसा आहे का, असल्यास कोणत्या प्रकारची? उत्तरांचा नवा रकाना भरला गेला. आम्ही त्यावर काउंट लावला, आकडा आला, अहवालात घातला. सगळ्याजणी खूश.

अहवाल पाठवण्याच्या आदल्या दिवशी आमच्या केंद्रातल्या सगळ्यात जुन्या ताईंनी तो वाचायला घेतला. या ताई दहावीपर्यंत शिकलेल्या आहेत आणि निम्म्याहून अधिक नोंदी त्यांच्या हातच्या आहेत. त्या म्हणाल्या, "मला तो तक्ता दाखव. 'हिंसा नाही' म्हटलंय त्या ओळी काढ." ओळी काढल्या. त्यांनी तिसरीच वाचली आणि हात थांबवला. "अगं, ही वाघबीळकडची. हिला 'घरगुती वाद' कुणी लिहिलं?"

नोंद अशी होती: नवरा मारत नाही, पण दोन वर्षे नांदवत नाही, पगार हातात देत नाही, कामावरून यायला उशीर झाला की दाराला आतून कडी लावतो.

यंत्राने "मारत नाही" वाचले. "नांदवत नाही" या शब्दाचे वजन त्याला कळले नाही. मैत्रिणींनो, "नांदवणे" या शब्दात काय काय आहे हे आपल्याला कुणी समजावून सांगावे लागत नाही. कौटुंबिक हिंसाचारापासून स्त्रियांच्या संरक्षणाचा कायदा २००५ चा, तो २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. त्याच्या कलम ३ मध्ये शारीरिक आणि लैंगिक छळाबरोबर शाब्दिक, मानसिक आणि आर्थिक छळही हिंसा म्हणून धरला आहे. त्यासाठी चळवळ किती वर्षे झगडली! आणि आम्ही स्वतःच्या हाताने, एका वाक्यात, ते सगळे "घरगुती वाद" करून टाकायला निघालो होतो.

अहवाल थांबवला. ताईंनी आणि मी सगळ्या नोंदी पुन्हा वाचल्या. आमचे वर्गीकरण एका रकान्यात, यंत्राचे दुसऱ्यात. मग एसक्यूएलनेच विचारले: जिथे दोन्ही जुळत नाहीत त्या ओळी दाखव. घराबाहेर काढणे, टाकणे, नांदवायला न नेणे, खर्चाला न देणे, अशा नोंदी त्यात पुन्हा पुन्हा येत होत्या. ज्या हिंसेत हात उचललेला नाही, ती यंत्राच्या हातून निसटत होती.

यातून मी एक धडा घेतला, आणि आजच्या भाषणातले तुम्ही एवढे जरी लक्षात ठेवले तरी पुरे. काउंट हा हिशेब आहे. तक्ता तोच असेल तर शंभर वेळा विचारा, उत्तर तेच येईल. एआयचे उत्तर हा अंदाज आहे. तोच प्रश्न दोनदा विचारला तर उत्तर बदलूही शकते. पण एसक्यूएलच्या एका वाक्यात हिशेब आणि अंदाज शेजारी शेजारी बसतात, आणि पडद्यावर दोन्ही सारखेच टापटीप रकान्यात दिसतात. अंदाजावर काउंट लावला की अंदाजाला हिशेबाचे कपडे चढतात.

दुसरी चूक पहिलीपेक्षा मोठी होती. अहवाल दुरुस्त केल्यावर ताई म्हणाल्या, "तिला सांगायला पाहिजे." आम्ही त्या बाईला भेटलो आणि सगळे सांगितले. तिने शांतपणे ऐकले आणि म्हणाली, "तुम्ही वहीत लिहिलंत तेव्हा मी समोर बसले होते. हे कुठं पाठवलंत ते मला माहीत नाही." माझ्याकडे उत्तर नव्हते. आम्ही नावाचा रकाना वगळला होता, आणि तेवढे पुरेसे आहे असे आम्हाला वाटले होते. पण हकिगतीतच वस्ती होती, ती कोणत्या संकुलात धुणीभांडी करते ते होते, मुली किती ते होते. इथे राहणारी कोणीही तिला ओळखेल. तिचा नवरा तर नक्कीच.

२०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले आणि ते टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. माहिती कशासाठी वापरणार हे समजावून सांगून संमती घ्यावी, हे त्यातले एक मूळ सूत्र आहे. पण कायदा नसता तरी तिचा प्रश्न खराच होता. बाईच्या संमतीबद्दल जगाला ऐकवणाऱ्या आपण, आपल्याच नोंदवहीत ती विसरलो.

या सेवा वापरूच नयेत, असे मी म्हणणार नाही. समोरचे लोक वापरणारच आहेत, आणि आपण दार लावून बसलो तर आपल्याबद्दलचे प्रश्न पुन्हा तेच लिहितील. पण वापरायच्या तर ताबा आपल्याकडे हवा, आणि ताब्याचे शब्दही याच भाषेत आहेत. ते आज शिकून जा.

"ग्रँट" म्हणजे परवानगी देणे आणि "रिव्होक" म्हणजे ती काढून घेणे. कुणाला कोणता तक्ता दिसेल, कोण एआयला हाक मारू शकेल, हे यांनी ठरते. आणि सेवा घेताना मुळात परवानगी कुणाला दिलेली आहे ते आधी पाहा. उदाहरणार्थ, स्नोफ्लेकमध्ये कॉर्टेक्स वापरण्याची परवानगी मुळातच "पब्लिक" या भूमिकेला, म्हणजे त्या खात्यातल्या सगळ्यांना असते. नको असेल तर आपणच रिव्होक लिहून काढावी लागते. जे आपण लिहिले नाही ते बंद असेल, असे धरून चालू नका.

"व्हेअर" आणि रकान्यांची निवड म्हणजे घराचा उंबरठा. ज्या ओळी आणि जे रकाने लागतात तेवढ्यांचाच वेगळा तक्ता आधी करा, आणि एआयला फक्त तो दाखवा. काही सेवांत नावे झाकण्याचे कामही एआयच करते. सोय चांगली आहे, पण झाकण्यासाठी ती ओळ आधी त्या सेवेने वाचलेली असते, हे विसरू नका. झाकायचे ते आपल्या हाताने, आपल्या खोलीत.

खर्चाचेही बघा. या सेवा मजकुराच्या तुकड्यांवर पैसे लावतात, आणि देवनागरी मजकुराचे तुकडे इंग्रजीपेक्षा सहसा जास्त पडतात. म्हणजे आपल्या भाषेचे बिल जास्त. म्हणून आधी दहा ओळींवर करून पाहा, हाताने ताडा, मग पुढे जा. आलेले उत्तर तक्त्यात साठवा, म्हणजे तेच पुन्हा विकत घ्यावे लागणार नाही.

आणि शेवटचे, कोणी काय विचारले याचाही तक्ता असतो. बिगक्वेरीत, स्नोफ्लेकमध्ये, कोणत्या खात्याने केव्हा कोणता प्रश्न चालवला आणि किती खर्च झाला, हे एसक्यूएलनेच विचारता येते. महिन्यातून एकदा ते वाचा. जमाखर्चाची वही तपासतो तसे.

सुरुवातीला मात्र यातले काहीच विकत घेऊ नका. एसक्यूलाइट नावाचा २००० साली आलेला डेटाबेस फुकट आहे, जुन्या संगणकावरही चालतो, आणि त्यातली माहिती त्या संगणकावरच राहते. आपल्या प्रत्येकीच्या मोबाइलमध्येही तो आतल्या आत काम करतो आहे. दुपारच्या सत्रात त्यावर बनावट नोंदी घेऊन सिलेक्ट, व्हेअर, ग्रुप बाय आणि इज नल करून बघू. खऱ्या बाईची खरी नोंद आज या खोलीत उघडायची नाही.

आमच्या केंद्रात आता असे ठरले आहे. हकिगत लिहून झाली की तीन प्रश्न बाईला विचारायचे: हे आमच्या तक्त्यात ठेवू का? मोजणीत धरू का? बाहेरच्या यंत्राला वाचायला देऊ का? तिन्हींचे वेगळे रकाने आहेत. तिसरा रकाना रिकामा असेल, तर उत्तर "नाही" असेच धरायचे. संगणकासाठी नल म्हणजे "नाही" नव्हे, पण आमच्यासाठी इथे तसे ठरले आहे. आणि यंत्राचे वर्गीकरण एका रकान्यात असेल, तर शेजारी "कोणी तपासले" हा रकाना भरल्याशिवाय त्यावर काउंट लावायचा नाही.

तो रकाना बहुतेक वेळा आमच्या त्या ताईच भरतात. पूर्वी त्या संगणकाच्या खोलीत येत नसत. आता स्वतः सिलेक्ट लिहितात, स्पेलिंगसाठी एक चिठ्ठी पडद्याला चिकटवलेली आहे. वाघबीळच्या त्या बाईच्या तिसऱ्या रकान्यात "नाही" आहे. तिने स्वतः सांगितले आणि ताईंनी लिहिले. तिचा खर्चापोटीचा अर्ज कोर्टात आहे, पुढच्या तारखेला आम्ही तिच्याबरोबर जाणार आहोत.

एवढे बोलून थांबते. प्रश्न असतील तर जेवणाआधी विचारा.